हातपाय काटक, पोट मात्र पुढे: घेर उतरवायचा कसा?

मोजपट्टी

काट्यावर वजन ठीक, हातपाय बारीक, पण शर्टाचं पोटावरचं बटण ताणलेलं. आपल्याकडे ही ठेवण इतकी सर्रास दिसते की ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून कुणी लक्षही देत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या प्रश्नावर अनेक वर्षं काम केलं आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकामध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन यडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) २२.३. शरीरातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काटा दोघांबद्दल एकच सांगत होता.

पोटावरची जी चरबी चिमटीत येते ती कातडीखालची. आतड्यांभोवती साठते ती चिमटीत येत नाही. तिच्यामुळे पोट पुढे येतं आणि हाताला घट्ट लागतं. या आतल्या चरबीतून निघालेली स्निग्धाम्लं थेट यकृताकडे जातात, म्हणून मधुमेह, रक्तदाब आणि फॅटी लिव्हर (यकृतात चरबी साठणं) यांच्याशी तिचं नातं जास्त जवळचं.

घेर मोजायची रीत: सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी, उघड्या अंगावर. कुशीत शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड बोटांनी चाचपा. दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप धरा, मागेही जमिनीला समांतर आहे ना ते आरशात बघा, आणि साधा श्वास सोडून झाला की आकडा वाचा. पोट आत ओढू नका. भारतीयांसाठी पुरुषांना ९० सेमी आणि बायकांना ८० सेमी ही मर्यादा धरतात. दुसरी सोपी खूण म्हणजे घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा.

प्रश्न असा: रोजचं मराठी जेवण आणि नोकरीचे तास मोडून न टाकता हा घेर कसा उतरवावा? ‘कमी खा, जास्त हला’ एवढंच नको. मापं, प्रमाणं आणि लोकांचं नेमकं कुठे बिनसतं ते लिहा.

कोयनाकाठ

मोजण्याबद्दल एक भर. पँटचा नंबर म्हणजे घेर नव्हे. पोट सुटलं की पँट त्याच्या खाली सरकते आणि नंबर वर्षानुवर्षं ३४ राहतो, तेवढ्यात पोट १०० सेमीपर्यंत गेलेलं असतं. टेप शिवणकामाचा कापडी घ्या, पण फार जुना नको, तो ताणला जातो. आणि रोज मोजू नका. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी.

तेलाचा_हिशोब

सुरुवात स्वयंपाकघरातून. एका वेळचं तेल मोजत बसलं की घरात भांडणं होतात आणि चौथ्या दिवशी मोजणं बंद पडतं. त्यापेक्षा महिन्याचं मोजा. पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. चार माणसांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल जात असेल तर माणशी सव्वा लिटर, म्हणजे दिवसाला साधारण ३८ ग्रॅम, सुमारे ३४० कॅलरी. तेच ३ लिटरवर आणलं तर दिवसाला २३ ग्रॅम, सव्वादोनशेच्या आत. ताटातला एकही पदार्थ न काढता माणशी १३० कॅलरींच्या आसपास गेल्या.

कमी तेलात भाजी बिघडते ती आचेमुळे. तेल निम्मं केलं आणि आच तेवढीच मोठी ठेवली की मसाला करपतो, मग वरून पुन्हा तेल पडतं. चौघांच्या कोरड्या भाजीला दोन लहान चमचे (१० मिली) पुरतात. पसरट कढईऐवजी खोलगट छोटी कढई घ्या, म्हणजे तेवढ्याच तेलात मोहरी बुडते. कांदा घातल्यावर चिमूटभर मीठ टाका, त्याला पाणी सुटतं आणि तो न करपता मऊ होतो. मग भाजी घालून झाकणावर पाणी ठेवा आणि मंद आचेवर वाफ आणा. लागतेय वाटलं तर पाण्याचा हबका मारा. आमटी-उसळीला तेलात सगळं परतण्याऐवजी शिजल्यावर पळीत एक चमच्याची फोडणी करून वरून ओता. वास जास्त येतो, तेल कमी लागतं. वांगी आणि बटाट्याच्या काचऱ्या तेल पितात, त्या आधी अर्ध्या वाफवून घ्या.

दाण्याचं कूट आणि सुकं खोबरं हेही तेलाच्याच खात्यात मांडा. कुटाचा एक मोठा चमचा (१० ग्रॅम) म्हणजे ५५-६० कॅलरी. कोशिंबिरीत, भाजीत आणि वर चटणीत असं दिवसभरात पाच-सहा चमचे सहज होतात. कूट वाईट नाही, मोजून घाला.

पूर्वाई

@तेलाचा_हिशोब, पद्धत उत्तम, पण सगळा दोष तेलावर टाकायला माझी हरकत आहे. आपल्या ताटाची खरी अडचण म्हणजे धान्य फार आणि प्रथिनं फार थोडी. न्याहारीला पोहे, दुपारी तीन पोळ्या, भाजी, वरणभात, संध्याकाळी चहाबरोबर खारी, रात्री पुन्हा पोळी-भात. दिवसभर पिष्टच. पोट दोन तासांत रिकामं वाटतं आणि हात फरसाणाच्या डब्याकडे जातो.

प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला किमान ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६५ किलोला ५४ ग्रॅम. वजन उतरवताना किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम धरावं, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतो. आता मोजा. घरचं पातळ वरण एक वाटी म्हणजे जेमतेम २० ग्रॅम डाळ, त्यात साडेचार ग्रॅम प्रथिनं. एक अंडं ६ ग्रॅम. ३० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ सहा-सात. वाटीभर (१५० ग्रॅम) दही साडेचार-पाच. ५० ग्रॅम पनीर ९. २५ ग्रॅम कोरडे सोयाचे वडे १३. १०० ग्रॅम बांगडा २० च्या आसपास.

त्यामुळे ताटाचा क्रम बदला. आधी घट्ट उसळ किंवा घट्ट डाळीची मोठी वाटी, अंडी, मासे जे घरात चालत असेल ते, मग दोन वाट्या भाजी-कोशिंबीर, आणि त्यानंतर पोळी-भात. तीन पोळ्या आणि भात याऐवजी दोन पोळ्या किंवा एक पोळी आणि अर्धी वाटी भात पुरतो, कारण भूक आधीच भागलेली असते. पोह्यांत ओंजळभर मोड आलेली मटकी टाका आणि पोहे तेवढे कमी घ्या. डब्यात पोळी-भाजीच जात असेल तर तिसऱ्या पोळीच्या जागी उसळीचा छोटा डबा द्या.

धान्य एकदम बंद करणारे मात्र आठव्या-दहाव्या दिवशी दुप्पट खाऊन मोकळे होतात. ते नको.

हिंगजिरे

वरणाबद्दल +१. घरोघरी दुपारचं प्रथिन म्हणजे वरण असं धरलेलं असतं आणि त्यात डाळीपेक्षा पाणीच जास्त असतं.

नवा_भिडू

साखरेबद्दल कुणीच लिहिलं नाही. चहा सोडायचा का?

तेलाचा_हिशोब

@नवा_भिडू, चहा राहू दे, साखर उतरवा. घरात ज्याला एक चमचा म्हणतात तो बहुधा शीग लावलेला असतो, म्हणजे ५ ऐवजी ७-८ ग्रॅम. दिवसाला चार कप आणि कपाला दीड असा चमचा धरला तर चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम साखर चहातूनच जाते. वरून मिळणारी साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली ठेवा आणि जमल्यास ५ टक्क्यांखाली, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच टक्के म्हणजे अंदाजे २५ ग्रॅम. दर आठवड्याला कपामागे पाव चमचा कमी करा. एकदम बंद केली की चहा कडू लागतो आणि बिस्किटांचा पुडा रिकामा होतो. गूळ आणि मध यांनाही तोच हिशोब. कोमट पाण्यात मध-लिंबू घेतल्यानं चरबी वितळत नाही. मधाचा मोठा चमचा म्हणजे ६० कॅलरी, आणि त्या सकाळी सकाळी.

शतपावली

आता व्यायाम. सगळ्यात मोठा गैरसमज पोटाच्या व्यायामाचा. पोटाच्या स्नायूला ताण दिला म्हणून त्याच्यावरची चरबी जळत नाही. शरीर चरबी काढतं ती सगळीकडून, स्वतःच्या क्रमानं. रोज शंभर क्रंचेस (उताणं झोपून डोकं-खांदे उचलणं) करून पोटाचा स्नायू बळकट होईल, पण घेर तसाच राहील आणि मान-कंबर दुखेल. घाम आणणारे पट्टे तर पाणी काढतात, तांब्याभर पाणी प्यायलं की आकडा जिथल्या तिथे.

आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल हवी. भराभर चालणं म्हणजे किती? बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका वेग. ७० किलोच्या माणसाचे अर्ध्या तासाच्या अशा चालण्यात सव्वाशे ते दीडशे कॅलरी जातात. म्हणून ‘आज चाललो, आता वडापाव चालेल’ हे गणित जमत नाही. चालण्याचा मोठा फायदा दुसरा आहे: नियमित चालण्यानं आतली चरबी काट्यावर फारसा फरक दिसण्याआधीही कमी होऊ शकते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर साखरेची उसळी बोथट होते. रात्रीच्या जेवणानंतर लगेच आडवं होण्याची सवय असेल तर पहिला बदल हाच करा.

आठवड्यातून दोनदा स्नायूंसाठी वेळ काढाच, मध्ये किमान एक दिवस विश्रांती. साधनं घरात आहेत. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, १० ते १२ वेळा, तीन फेऱ्या. जोर आधी भिंतीला, मग ओट्याला, मग जमिनीवर. खालच्या पायरीवर १५ सलग आले की पुढची पायरी. दोन पिशव्यांत पाण्याच्या बाटल्या भरून, कमरेत वाकून, पाठ सरळ ठेवून कोपर मागे ओढणं, १० वेळा, तीन फेऱ्या. शेवटी कोपरांवर फळीसारखं ताठ राहणं, २० सेकंदांपासून सुरू. प्रत्येक फेरीतले शेवटचे दोन-तीन जड गेले पाहिजेत. अगदी सहज होत असतील तर पिशवीत बाटली वाढवा. तालमीतली बैठक चवड्यांवर असते आणि गुडघा खूप पुढे जातो, म्हणून पस्तिशीनंतर पहिल्यांदा सुरू करणाऱ्यानं टाचा टेकवून खुर्चीवरच्या उठबशीनंच सुरुवात करावी.

नवा_भिडू

आणि रोज १२ सूर्यनमस्कार घातले तर?

शतपावली

बारा नमस्कारांना पाच-सहा मिनिटं लागतात. चांगली सुरुवात आहे, पण तेवढ्यानं आठवड्याचे दीडशे होत नाहीत. २४ ते ३६ सलग, दम लागेल अशा लयीत घातले तर पंधरा मिनिटांचा उत्तम व्यायाम होतो. त्यात ढकलणं आहे, ओढणं नाही, म्हणून पाठीसाठी वरचा पिशव्यांचा व्यायाम जोडा. अष्टांगाला पोट धाडकन खाली टाकू नका. आधी गुडघे, मग छाती, मग हनुवटी. रक्तदाब जास्त असेल किंवा मणक्याची गादी सरकलेली असेल तर डॉक्टरांना विचारून.

सुरंगी

धाग्यात एक गोष्ट राहून जातेय, ती आधी सांगते: प्रत्येक मोठं पोट चरबीचं नसतं. सकाळी सपाट आणि संध्याकाळी चार-पाच सेंटिमीटर फुगलेलं पोट बहुधा वायूचं किंवा बद्धकोष्ठाचं. बाळंतपणानंतर पोटाचे उभे स्नायू मधून फाकलेले राहू शकतात. तपासायचं असं: उताणं झोपा, गुडघे वाकवा, डोकं जरा उचला आणि बेंबीच्या वरखाली मधल्या रेषेत बोटं आडवी ठेवा. दोनपेक्षा जास्त बोटं आत जात असतील तर क्रंचेस करू नका, मध्यभाग टोकदार वर येतो आणि फट भरायला मदत होत नाही. फिजिओथेरपिस्टकडून श्वासाचे आणि ओटीपोटाचे व्यायाम शिकून घ्या.

काही आठवड्यांत पोट झपाट्यानं वाढलं, पाय सुजले, डोळे पिवळे दिसले, भूक मेली किंवा थोडं खाल्लं तरी पोट भरू लागलं, तर आहाराचे प्रयोग न करता तपासणी करा. यकृताच्या आजारात पोटात पाणी साठतं. बायकांमध्ये बीजांडकोशाची गाठही अशीच दिसू शकते.

चरबीचंच पोट असेल तर मर्यादा ओलांडल्यावर रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉलची पूर्ण तपासणी, यकृताचे एन्झाइम एवढं बघून घ्या. थायरॉइड कमी असेल तर गोळी घ्यायलाच हवी, पण त्यानं वाढणारं वजन सहसा थोडं असतं आणि त्यातला मोठा भाग पाण्याचा. सगळं पोट थायरॉइडवर ढकलता येत नाही. फॅटी लिव्हर असेल तर उमेद धरा: वजनाच्या ५ टक्के कमी झाले की यकृतातली चरबी उतरू लागते, ७ ते १० टक्क्यांनी सूजही कमी होते. ७५ किलोच्या माणसाला हे पावणेचार ते साडेसात किलो.

आणि चाळिशी-पन्नाशीच्या मैत्रिणींसाठी: पाळी थांबताना इस्ट्रोजेन उतरतं आणि मांड्यांवर साठणारी चरबी पोटाकडे वळते. खाणं तेवढंच असूनही घेर वाढतो तो यामुळे. या वयात स्नायूंचा व्यायाम चालण्याइतकाच गरजेचा, हाडांसाठीही.

कोयनाकाठ

दोन वेळा जेवणाच्या पद्धतीबद्दल कुणी लिहील का? डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर बेतून डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात ती, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत.

पूर्वाई

ज्यांचं अरबट चरबट मधल्या वेळेत होतं त्यांना तिचा फायदा होतो, कारण साखरेचा चहा, बिस्किटं, फरसाण, ऑफिसातले वाढदिवसाचे केक सगळं एका नियमात कटाप. बिनसतं ते दोन ठिकाणी. भुकेनं पहिल्या दहा मिनिटांत धान्यच जास्त जातं आणि प्रथिनं राहून जातात. नाहीतर ५५ मिनिटं आहेत म्हणून जेवणानंतर गोड, मग शेव, असं ताट लांबतं. दोनदा जेवा नाहीतर तीनदा, दिवसाची बेरीज तुटली नाही तर घेर हलत नाही.

सुरंगी

@कोयनाकाठ, मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांकडून डोस बदलून घेतल्याशिवाय जेवणं कमी करू नयेत. साखर धोकादायक खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनीही नाही.

हिंगजिरे

उपवासांचं काय? ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच नाही.

तेलाचा_हिशोब

साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट: १०० ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी आणि प्रथिन एक ग्रॅमही नाही. एका माणसाच्या खिचडीत ७० ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम कूट, एक मोठा चमचा तूप आणि बटाटा धरला तर साडेपाचशेच्या आसपास. वर वेफर्स आणि राजगिऱ्याचा लाडू आले की उपवास नेहमीच्या दिवसाला मागे टाकतो. त्यापेक्षा भगर आणि मोजक्या दाण्यांची आमटी, किंवा राजगिऱ्याची भाकरी, काकडीची दह्यातली कोशिंबीर, उकडलेलं रताळं, ताक. भगरसुद्धा दोन वाट्यांवर जाऊ देऊ नका.

अवांतर: ज्वारीची भाकरी खाऊन पोट उतरतं असं कुणी सांगितलं तर विचारा, किती? ५० ग्रॅम पिठाची भाकरी १७० कॅलरींची. तंतू भरपूर म्हणून पोट भरतं, पण अशा तीन भाकऱ्या आणि तेलात थबथबलेला ठेचा यांनी कुठलाच घेर उतरत नाही.

रातपाळी

झोपेला कुणी हात लावला नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २०२२ मधल्या छोट्या प्रयोगात निरोगी, स्थूल नसलेल्या माणसांना दोन आठवडे रोज चारच तास झोपू दिलं. नऊ तास झोपेच्या काळाशी तुलना करता त्यांची पोटातली आतली चरबी सुमारे ११ टक्क्यांनी वाढली. काट्यावर जेमतेम फरक, तो स्कॅनमध्ये दिसला.

पाळीच्या नोकरीतल्यांनी निदान एवढं करावं: मुख्य जेवण पाळीला जाण्याआधी. मध्यरात्री लागलंच तर ताक, उकडलेली अंडी किंवा मूठभर फुटाणे. पहाटे घरी येऊन पोटभर पोहे आणि लगेच झोप हे मोडा. चहा पाळीच्या पहिल्या निम्म्या वेळेतच, खोलीला जाड पडदे, फोन बाहेर.

मद्याबद्दलही लिहितो. ६० मिली व्हिस्कीत २० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे १४० कॅलरी. तीन घेतले की सव्वाचारशे. आणि सोबत १०० ग्रॅम शेव-शेंगदाणे, साडेपाचशे. शनिवारची एक बैठक आठवड्याच्या पाच दिवसांचं चालणं पुसून टाकते, शिवाय यकृत अल्कोहोल निपटवत असताना चरबी जाळणं मागे पडतं.

नवा_भिडू

मोजपट्टींच्या मूळ प्रश्नाकडे येतो. हे सगळं सुरू केलं तर फरक कधी दिसतो? आणि मध्येच थांबला तर काय करायचं?

मोजपट्टी

सगळ्यांचे आभार, हवं होतं तसंच नेमकं आलं आहे.

@नवा_भिडू, दिवसाला ४०० कॅलरींची तूट पडली तर सुरुवातीला दहा दिवसांत अर्धा किलो, आणि साधारण एक किलोमागे एक सेंटिमीटर घेर असा ढोबळ हिशोब. म्हणजे ९६ वरून ९० वर यायला चार महिने धरा. पहिल्या आठवड्यात एकदम दोन सेंटिमीटर गेले तर त्यातला बराचसा वायू आणि पाणी असतं, त्यावर पुढची अपेक्षा बांधू नका.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिले दोन आठवडे फक्त तेलाच्या पिशवीवर तारीख, चहाची साखर आणि रात्री जेवणानंतर चालणं. पुढचे दोन आठवडे प्रथिनं वाढवून धान्य कमी. पाचव्या आठवड्यापासून स्नायूंचा व्यायाम. झोपेची वेळ मात्र पहिल्या दिवसापासून.

सलग तीन आठवडे टेप हलला नाही तरच थांबला असं समजा. मग आधी शनिवार-रविवार तपासा, पाच दिवसांची तूट बहुतेक वेळा तिथेच भरून निघते. नंतर तेलाचा महिना पुन्हा मोजा, तो नकळत चार लिटरवर गेलेला असतो. दोन्ही ठीक असतील तर दुपारची एक पोळी काढा किंवा चालण्यात दिवसाला पंधरा मिनिटं घाला, दोन्ही एकदम नको. पाळीच्या दिवसांत बायकांचा घेर पाण्यामुळे वाढतो, म्हणून त्यांनी महिन्याच्या त्याच टप्प्यावरचे आकडे एकमेकांशी ताडून बघावेत.

शतपावली

@मोजपट्टी, त्यात एवढंच जोडा: घेर उतरतोय पण वजन तसंच आहे, असं झालं तर काहीही बदलू नका. स्नायू टिकून चरबी जातेय. अशा वेळी घाबरून जेवण आणखी कापणारे पुढच्या महिन्यात अशक्तपणानं व्यायामच सोडतात.